उजेडाचा उतारा

आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांच्या घागरीत पैठणच्या नाथसागराचे पाणी येते. त्याच्या वरच्या अंगाला, गोदावरी-प्रवरेच्या काठी, उसाचा मुलूख आहे. तेव्हा साखर कारखान्यातल्या मळीचे पुढे काय होते, ही चौकशी आम्हांला काही परकी नाही.

मळी आंबवून तिच्यातून इथेनॉल काढतात. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ साली हे प्रमाण देशात २० टक्क्यांवर पोचले. शेतकऱ्याला पैसा, देशाला इंधन, सारे गोडच! पण मळीच्या १ लिटर इथेनॉलमागे ८ ते १५ लिटर सांडपाणी उरते, त्याचे काय?

एका डिस्टिलरीत मी ते पेल्यात घेऊन उन्हात धरले. काढ्यासारखे काळेभोर, पलीकडचा सूर्य दिसेना! हा पेला वाचकांनी ध्यानात ठेवावा.

बंद टाक्यांतले जंतू त्यातली बरीचशी घाण खातात आणि वर जळाऊ गॅस देतात. रंग मात्र हटत नाही. तो मेलॅनॉइडिनचा; भाकरीला तव्यावर जो खरपूस रंग चढतो, त्याच कुळातला. जंतूंना तो पचत नाही.

येथे उजेड मदतीला येतो. पांढऱ्या रंगात घालतात ते टिटॅनियम डायऑक्साइड पाण्यात मिसळून त्यावर अतिनील किरण पाडले, की पाण्यातूनच अतिशय तापट असे कण निर्माण होतात आणि ते रंगाचे रेणू तोडत सुटतात. भुकटी स्वतः खर्ची पडत नाही. प्रकाशाने जागी होणाऱ्या या पदार्थाची करामत फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली जगापुढे मांडली, तेव्हापासून या विद्येला बहर आला.

मग अडले कुठे? ऊन तर मराठवाड्यात उदंड! पण उन्हात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के. शिवाय तो पेला आठवा. ज्यातून सूर्य दिसत नाही, त्यात किरण शिरणार कसे? बारीक भुकटी पुन्हा गाळून घेणे, हेही खर्चाचेच काम. म्हणून ही रीत अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. कारखाने ते पाणी आटवून बॉयलरात जाळतात, नाहीतर प्रेसमडमध्ये मिसळून खत करतात.

तेव्हा ‘उन्हात ठेवले की झाले शुद्ध’ असे कोणी सांगू लागला, तर नाथसागराचे पाणी पिणाऱ्यांनी भुलू नये. आधी जंतूंनी राबावे, गाळणीने गाळावे, मग उरलेल्या रंगावर उजेड सोडावा. दिवाळीत तरी आपण काय करतो? आधी घर झाडतो, मगच पणती लावतो.