एका डरकाळीत तीन प्राणी

टायरॅनोसॉरस रेक्स हा डायनोसॉर कसा ओरडायचा, सांगा बरं! 'ज्युरासिक पार्क' पाहिलेला कुणीही लगेच घसा खरवडून डरकाळी फोडून दाखवील. पण थांबा. हा प्राणी पृथ्वीवरून नाहीसा झाला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा माणूसच नव्हता, मग त्याचा आवाज ऐकणार कोण आणि टेप करणार कोण? १९९३ साली आलेल्या त्या चित्रपटात ऐकू येते ती डरकाळी आहे तरी कुणाची?

ती आहे हत्तीच्या पिल्लाची, वाघाची आणि ॲलिगेटर जातीच्या मगरीची. तिघांची एकदम! गॅरी रायडस्ट्रॉम या ध्वनितंत्रज्ञाने हे आवाज एकमेकांवर चढवले. पिल्लाचा चीत्कार कर्कश, वाघाची गुरगुर खरखरीत आणि मगरीची घरघर खोल. नुसतं पिल्लू ऐकवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "हॅ, हा तर हत्ती!" तिघे एकत्र आले आणि एकही ओळखू येईना. त्याआधी १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी बेन बर्ट यांनीही अशीच गंमत केली होती. त्यातल्या प्रकाशाच्या तलवारीचा आवाज म्हणजे जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची गुणगुण आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक नेल्यावर आलेला भणभणाट, यांची भेसळ!

ही कामं मोठ्या स्टुडिओतली. पण तुमच्या शाळेतल्या किंवा घरच्या संगणकावरही ती करता येतात. 'ऑडॅसिटी' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर २००० सालापासून मिळतं. त्यात प्रत्येक आवाज स्वतंत्र आडव्या पट्टीवर बसतो. तिला म्हणतात ट्रॅक. पट्ट्या एकाखाली एक लावायच्या, हव्या तशा पुढेमागे सरकवायच्या आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा लहानमोठा करायचा.

आमच्या चौथीच्या मुलांनी यावर एक गोष्ट बसवली. पावसाळी रात्र, घराची वाट चुकलेली मुलगी, अशी. पावसासाठी सुपात तांदूळ घोळवले, गडगडाटासाठी पत्रा हलवला आणि सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. (पालकहो, मुलं सूप मागायला लागली तर दचकू नका!) पण पाऊस फारच विरळ वाटला. मग मुलांनी त्याच पावसाची प्रत काढून दुसऱ्या पट्टीवर ठेवली. बरोबर खालीच ठेवली, तेव्हा तोच विरळ पाऊस नुसता मोठ्याने वाजला. प्रत थोडी मागे सरकवली मात्र, आणि पाऊस दाट झाला! कारण आता एका पट्टीतल्या दाण्यांच्या मधल्या जागेत दुसरीतले दाणे पडत होते.

मुलांना एवढ्यावर थोडंच थांबायचं होतं! आणखी पाऊस, आणखी पत्रा, सगळं फुल्ल! आणि आवाज फाटला. असं का होतं? आवाज मिसळणं म्हणजे चक्क बेरीज. संगणक आवाजाच्या लाटेची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजतो. सीडीवर तर ती सेकंदाला ४४,१०० वेळा नोंदलेली असते. १६ बिटच्या फाइलीत ही उंची जास्तीत जास्त ३२,७६७ मावते. आता एका क्षणी पावसाची उंची २०,००० आणि पत्र्याचीही २०,००० असेल, तर बेरीज झाली ४०,०००. ती मावणार कशी? मग लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो आणि आपल्याला खरखर ऐकू येते. आवाजाची मोजपट्टी लाल झाली, की समजायचं भांडं वाहायला लागलं. अशा वेळी सगळ्याच पट्ट्यांचा आवाज थोडा थोडा उतरवायचा.

पण खरी अडचण पुढे होती. गोष्टीतली मुलगी झाडाखाली बसून हळूच म्हणते, "आई, मी इथे आहे." हे वाक्य म्हणणारी आमची मुलगी मुळातच हळू आवाजाची. पावसात तिचं वाक्य पार बुडालं! कुणी म्हणालं, तिला ओरडून बोलायला सांगू. कुणी म्हणालं, तिच्याऐवजी दुसरीला घेऊ. ती बिचारी गप्प. पण भ्यालेली मुलगी ओरडेल कशी? तिचा आवाजच तिथे खरा होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून सूचना आली, "तिला नको, पावसालाच हळू करू ना!"

ऑडॅसिटीत 'एन्व्हलप' नावाचं साधन आहे. पट्टीवर ठिपके देऊन ती हवी तिथे निमुळती करायची, तेवढाच भाग हळू होतो. मुलांनी पाऊस बंद केला नाही, तिच्या वाक्यापुरता दबवला. वाक्याच्या थोडं आधी हळूहळू उतरवला, नंतर हळूहळू चढवला. पत्र्याचा गडगडाटही उचलून वाक्याच्या पलीकडे नेला. मग डोळे मिटून ऐकलं. पाऊस कमी झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. तिने ते लागोपाठ चार वेळा लावायला लावलं!

तुम्ही करून पाहाल तेव्हा एक लक्षात ठेवा. काम झालं की दोन गोष्टी जपून ठेवायच्या. सगळं मिसळून झालेली एक फाइल, ही ऐकवायला. आणि सुट्या पट्ट्यांचा 'प्रोजेक्ट', तो दुरुस्तीला. दुधात विरघळलेली साखर वेगळी काढणं जसं कठीण, तसंच मिसळलेल्या फाइलीतून पाऊस वेगळा काढणं. आमचा प्रोजेक्ट होता, म्हणून तर दुसऱ्या दिवशी मुलांनी त्याच पावसात एक बेडूकही बसवला. डरांव डरांव करणारा तो बेडूक कोण, ते मात्र वर्गाने मला अजून सांगितलेलं नाही.