ठाणे नेमके कोणते?

‘काशिमिरा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल’ ही बातमी भाईंदरचा माणूस वाचतो आणि पान उलटतो. यंत्राने तीच बातमी वाचली, तर ‘काशिमिरा ठाण्यात आहे’ अशी नोंद करून ते मोकळे होईल. गंमत म्हणजे मीरा-भाईंदर खरोखरच ठाणे जिल्ह्यात आहे. वाट चुकली, उत्तर बरोबर! आता हाच नियम ‘विरार पोलीस ठाण्या’ला लावा. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई-विरार तिकडे गेले. पण त्याआधीचे ढीगभर जुने लेखन यंत्राच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहते.

संगणकाला वाचून शहाणे करायचे, ही हौस तशी जुनी. 1984 मध्ये डग्लस लेनट यांनी ‘साइक’ प्रकल्पात व्यवहारज्ञान माणसांकडून हाताने भरून घ्यायला सुरुवात केली. ते काम संपण्यातले नव्हते. 1992 मध्ये मार्टी हर्स्ट यांनी सोपी युक्ती दाखवली: वाक्याचे ठरावीक साचे हुडकायचे. ‘उत्तन, गोराई यांसारखी गावे’ एवढे दिसले, की उत्तन हे गाव, हे कुणी न सांगता कळते.

या युक्तीला चोवीस तास राबवले ते ‘नेल’ या संगणकप्रणालीने. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या चमूने जानेवारी 2010 मध्ये ते सुरू केले. प्रत्येक प्रकारची थोडी उदाहरणे द्यायची. त्यांवरून यंत्र साचे शोधणार, साच्यांवरून नवी उदाहरणे. एक चूक शिरली की तिचे गणगोत मागोमाग येते. इंटरनेटवरच्या ‘कुकीज’ना नेलने बेकरीत बसवले, मग कुकीज जशा ‘डिलीट’ करतात तशा फायलीही करतात, म्हणून फायलीही खाद्यपदार्थ ठरल्या. यावर लगाम होता तो एकमेकांना वगळणाऱ्या वर्गांचा: जे शहर आहे ते व्यक्ती असू शकत नाही. मधली रेघ गाळून छापलेल्या ‘मीरा भाईंदर’ला कुणा बाईचे नाव-आडनाव समजण्यापासून असाच नियम वाचवू शकतो.

मराठीत अडचण वेगळी. ठाणे, ठाण्यात, ठाण्याच्या: नाव वाक्यागणिक रूप बदलते. त्यात महापालिका ‘मिरा’ लिहिते, वर्तमानपत्रे ‘मीरा’. पवईच्या आयआयटीत मराठी शब्दजाळे उभे राहिले; पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने 2022 मध्ये ‘महाएनईआर’ या संचासाठी 25,000 वाक्यांतली नावे माणसांकडून खुणा करून घेतली. माझ्या मते आजवरचे सर्वांत उपयोगी काम हे नावांवर खुणा करण्याचेच, कारण ‘ठाणे’ कुठे शहर आणि कुठे चौकी, हे मराठी वाचणाऱ्यानेच सांगावे लागते.

आताची मोठी भाषा-प्रारूपे साचे शोधत बसत नाहीत. पुढचा शब्द कोणता, याचा अंदाज बांधता बांधता तथ्येही शिकतात. नेलची नोंद उघडून तिचा आधार पाहता येई, चुकीची असेल तर खोडता येई. नव्या प्रारूपाने विरार ठाणे जिल्ह्यात घातले, तर ते कोणत्या वाक्यावरून शिकले हे शोधणे महाकठीण, आणि खोडायला वेगळी ओळ तर नसतेच.