परदेशी विद्यार्थी आणि भाड्याची खोली

आपली मुले परदेशी शिकावयास जातात, याचे आपणांस कौतुक असते. परंतु शेजारच्या देशांतील मुले आपल्याकडे शिकावयास येतात, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. केंद्र सरकारच्या पाहणीनुसार २०२१-२२ साली भारतात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक विद्यार्थी एकट्या नेपाळचे होते. अफगाणिस्तान, बांगलादेश व भूतान येथूनही मुले येतात.

ती का येतात? युरोप-अमेरिकेच्या मानाने येथील खर्च कमी, शिक्षण इंग्रजीतून आणि घर जवळ. नेपाळी विद्यार्थ्यास तर व्हिसाही लागत नाही. शिवाय मौलाना आझादांनी १९५० साली स्थापन केलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद शिष्यवृत्त्या देते.

ही वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली पाली शिकण्यासाठी कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात गेले. तेथे ते श्रामणेर झाले व विहाराने त्यांना सामावून घेतले. पुढे १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. शेजाऱ्याने दिलेला आसरा असा महाराष्ट्राच्या उपयोगी पडला.

मात्र प्रवेश मिळाला म्हणजे विद्यार्थी रुळला, असे नव्हे. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला असता त्याचे हाल डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले. परदेशी मुलांना आपुलकी मिळावी या विचारातून १९७१ साली सिंबायोसिस संस्था उभी राहिली.

याबाबत आपल्या समाजाने तर अधिक जागरूक असावयास हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेथील वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. तेच बाबासाहेब १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा स्वदेशात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. परक्या देशाने खोली दिली, आपल्या देशाने नाकारली!

आज नेरूळ, वाशी, बेलापूर, खारघर येथे कॉलेजे वाढली आहेत आणि आपल्यापैकी अनेकांच्या खोल्या भाड्याने जातात. परदेशी मुलगा म्हटला की “नको ती कटकट” असे उत्तर येते. बँकेत काम करीत असल्याने या नकाराचा परिणाम आम्हांस ठाऊक आहे. पासपोर्ट, व्हिसा व प्रवेशपत्रावर त्याचे खाते उघडता येते. पण ३० दिवसांत येथील पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. करारनामा नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर घरून आलेले पैसेही अडकतात.

वास्तविक कटकट फारशी नाही. करारनाम्याची नोंदणी घरमालकाने करावयाची असते, ती देशी भाडेकरूसाठीही लागतेच. परदेशी व्यक्ती राहावयास आल्यावर २४ तासांत तिची माहिती ऑनलाइन भरावयाची असते. एवढे केले की घरमालकही निर्धास्त आणि विद्यार्थीही.

सभासदांनी मुलाचे कागद अवश्य तपासावेत. देश, धर्म वा चेहरा पाहून दार लावू नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, वर्गात असा कोणी एकटा बसलेला दिसला, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. उद्या परक्या गावी तुम्हांलाही खोली शोधावयाची आहे.