ड्युर्नश्टाइन : एका राजाची कैद आणि चांदीचा हिशेब

व्हिएन्ना नगराच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर डॅन्यूब नदी डोंगरांच्या दाटीतून वाट काढते. मेल्क ते क्रेम्स या दोन गावांमधील या खोऱ्यास वाखाऊ म्हणतात. याच खोऱ्यात, नदीच्या डाव्या तीरावर ड्युर्नश्टाइन हे चिमुकले गाव वसले आहे. लोकवस्ती हजाराच्याही आत. खाली नदीकाठी मठाचा निळा-पांढरा मनोरा, त्यामागे तटबंदीच्या आतील अरुंद गल्ल्या, आणि वर उघड्या कातळावर एका किल्ल्याचे भग्नावशेष. ‘कोरडा खडक’ असा गावाच्या नावाचा अर्थ सांगतात, आणि तो कातळ पाहिला की तो पटतो. एवढ्याशा गावाचे नाव युरोपच्या इतिहासात आठशेहून अधिक वर्षे टिकून राहिले ते एका हिवाळ्यामुळे. त्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा येथे बंदिवान होता. त्याच्या सुटकेसाठी जी चांदी मोजली गेली, तिची कथा व्यापारउदिमात वाढलेल्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

नदीवरचा पहारेकरी

हा किल्ला बाराव्या शतकाच्या मध्यास क्युएनरिंग घराण्याने बांधला. हे घराणे ऑस्ट्रियाच्या राज्यकर्त्यांचे सरदार. डॅन्यूब हा त्या काळचा राजमार्ग होता. मीठ, धान्य, लाकूड, कापड असा सारा माल नावांतून जात असे. उंचावरील किल्ल्यातून नदीचे लांबवरचे वळण दिसे आणि येणारी प्रत्येक नाव नजरेच्या टप्प्यात येई. साहजिकच जलमार्गावरील जकात हे अशा किल्लेदारांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. पुढील काळात या घराण्यातील काहींनी नदीवर साखळदंड टाकून व्यापाऱ्यांच्या नावा अडवल्या व लुटल्या, अशी आख्यायिका आजही सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, जकात आणि लूट यांतील अंतर त्या काळी फार मोठे नव्हते, एवढे तिच्यातून कळते.

व्यापाऱ्याचे सोंग

इ. स. ११९१ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अक्रा हे शहर ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी जिंकले. विजयी सेनांमध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड होता, ज्यास ‘सिंहहृदयी’ म्हणत, आणि ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लिओपोल्डही होता. लिओपोल्डने तटावर आपले निशाण उभारले. रिचर्डच्या माणसांनी ते खाली फेकले. लुटीच्या वाटणीत या ड्यूकने बरोबरीचा हक्क सांगावा, हे त्यांस मान्य नव्हते. अपमान गिळून लिओपोल्ड मायदेशी परतला.

पुढील वर्षी रिचर्ड परत निघाला तेव्हा फ्रान्सचा राजा त्याचा वैरी झाला होता आणि नेहमीचे मार्ग बंद होते. एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी त्याचे जहाज फुटले. मोजक्या सोबत्यांसह वेषांतर करून तो लिओपोल्डच्याच मुलखातून निघाला. राल्फ ऑफ कॉगशॉल या इंग्रज बखरकाराच्या म्हणण्याप्रमाणे, ह्यूगो नावाचा व्यापारी अशी त्याने आपली ओळख सांगितली. वाटेतील एका सरदाराकडे निर्धोक प्रवासाची परवानगी मागताना त्याने माणकाची अंगठी भेट म्हणून पाठविली. सरदाराने अंगठी निरखून पाहिली आणि म्हटले, की हा ह्यूगो नव्हे, हा राजा रिचर्ड आहे. मालाची किंमत आणि माणसाची ऐपत यांचा मेळ बसत नव्हता. साधा व्यापारी परवान्यासाठी असले रत्न उधळीत नाही.

व्हिएन्नाजवळ एर्डबर्ग येथे, जे आज त्या शहराचाच भाग आहे, थकलेला राजा थांबला. खरेदीसाठी बाजारात गेलेल्या त्याच्या नोकराने पूर्वेकडील सोन्याची नाणी दाखविली. त्या बाजारात असे नाणे सहसा दिसत नसे. लोकांनी चौकशी केली, तेव्हा पोराने एका श्रीमंत व्यापाऱ्याचे नाव पुढे केले व वेळ मारून नेली. पुढे एकदा त्याच्या कमरपट्ट्यात खोवलेले राजाचे हातमोजे ओळखू आले आणि बिंग फुटले. ११९२ च्या डिसेंबरात रिचर्ड पकडला गेला. लिओपोल्डने त्यास ड्युर्नश्टाइन येथे किल्लेदार दुसरा हाडमार याच्या ताब्यात ठेवले.

वीस लाख तोळे

येथील कैद काही महिन्यांचीच होती. ११९३ च्या वसंतात लिओपोल्डने आपला बंदी सम्राट सहावा हेन्री याच्या स्वाधीन केला. पण फुकट नव्हे. दोघांमध्ये खंडणीच्या वाटणीचा रीतसर करार झाला होता. अखेर ठरलेली रक्कम एकूण १,५०,००० मार्क चांदी. पैकी १,००,००० मार्क सुटकेपूर्वी द्यावयाचे होते. मार्क हे तेव्हा वजन होते. कलोन शहराच्या मापाने एक मार्क म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम, म्हणजेच आपले जवळजवळ वीस तोळे. पहिल्या हप्त्याचीच चांदी साधारण २३ टन, सुमारे वीस लाख तोळे भरते!

ही चांदी आली कोठून? इंग्लंडात उत्पन्नाचा व जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा वसूल झाला. चर्चमधील सोन्याचांदीची पात्रे गोळा केली गेली. ज्या मठांत अशी पात्रे नव्हती, त्यांनी वर्षभराची लोकर दिली. जमा झालेले धन लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये पेट्यांत भरून शिक्कामोर्तब करून ठेवीत. करारात अशीही कलमे होती की सम्राटाच्या दूतांसमक्ष चांदीचे वजन व्हावे, मोहोर लागावी, आणि साम्राज्याच्या सीमेपर्यंत वाटेतील जोखीम रिचर्डची असावी. माल कोणत्या ठिकाणी हस्तांतरित झाला म्हणजे जोखीम फिरते, हा प्रश्न आजच्या निर्यातदारासही अपरिचित नाही. सत्तरीच्या घरातील राजमाता एलिनॉर स्वतः जर्मनीस गेली आणि ४ फेब्रुवारी ११९४ रोजी माइन्झ येथे तिचा पुत्र मुक्त झाला. उरलेल्या रकमेसाठी ओलीस मागे राहिले.

चांदीचे काय झाले?

लिओपोल्डच्या वाट्यास हजारो किलो चांदी आली. त्यातून व्हीनर नॉयश्टाट हे नवे नगर वसविण्यात आले आणि व्हिएन्ना, हाइनबुर्ग व एन्स या नगरांचे तट बळकट झाले. चांदीची नाणी पाडण्यासाठी व्हिएन्नात टांकसाळ उभी राहिली. ऑस्ट्रियाची आजची सरकारी टांकसाळ आपला प्रारंभ ११९४ पासूनच मानते. ‘व्हिएन्ना फिलहार्मोनिक’ हे सोन्याचे नाणे ज्यांच्या पाहण्यात आले असेल, त्यांनी या टांकसाळीची मुळे या खंडणीत आहेत हे लक्षात घ्यावे.

परंतु हिशेब येथे मिटला नाही. धर्मयुद्धाहून परतणाऱ्यास त्या काळी पोपचे अभय असे. ते मोडल्याबद्दल पोप तिसरा सेलेस्टीन याने लिओपोल्डला धर्मबहिष्कृत केले. लिओपोल्ड नमला नाही. उलट अटी पाळल्या न गेल्यास ओलिसांस ठार करण्याची धमकी त्याने दिली. ११९४ च्या डिसेंबरात ग्राझ येथे घोडा अंगावर कोसळून त्याचा पाय चिरडला. जखम चिघळली; पाय कापूनही उपाय झाला नाही. मृत्यू समोर दिसू लागल्यावर त्याने ओलीस सोडण्याचे व धन परत करण्याचे वचन दिले. तेव्हा साल्झबुर्गच्या आर्चबिशपने बहिष्कार उठविला. ३१ डिसेंबर रोजी त्याचा अंत झाला. ओलीस सुटले. मात्र बहुतांश चांदी परत गेली नाही. ती तोवर दगडचुन्यात आणि नाण्यांत रूपांतरित झाली होती.

पडझड आणि पुनर्जन्म

रिचर्डचा विश्वासू गायक ब्लोंदेल किल्ल्याकिल्ल्यांखाली गाणे म्हणत फिरला आणि वरून आलेल्या प्रतिसादावरून त्याने आपला राजा शोधला, ही गोड कथा तेराव्या शतकात प्रथम दिसते. ती इतिहास नव्हे. बंदी कोठे आहे हे दरबारांना ठाऊकच होते. तरीही १७८४ मध्ये फ्रेंच संगीतकार ग्रेत्री याने रिचर्डच्या कैदेवर संगीतनाट्य रचले आणि ही कथा आणखी दूरवर गेली.

किल्ल्याचे भाग्य मात्र उतरणीस लागले. १६४५ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या सैन्याने गाव घेतले आणि जाताना किल्ला उद्ध्वस्त केला. तो पुन्हा नांदता झाला नाही. खाली गावात मात्र १४१० मध्ये स्थापन झालेल्या मठास अठराव्या शतकात प्रमुख हिएरोनिमुस युबेलबाखर याने नवे रूप दिले. निळा मनोरा त्याच काळचा. १७८८ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने मठ बंद केला. ११ नोव्हेंबर १८०५ रोजी नेपोलियनच्या सैन्याची आणि रशियन-ऑस्ट्रियन फौजांची घनघोर लढाई याच अरुंद खोऱ्यात झाली.

विसाव्या शतकात डॅन्यूबवर जलविद्युत धरण बांधण्याची योजना वाखाऊच्या दाराशी आली, तेव्हा रहिवाशांनी संघटित विरोध करून वाहती नदी राखली. २००० साली युनेस्कोने या खोऱ्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज उतारांवर चुन्याविना रचलेल्या दगडी बांधांची सोपाने, त्यांवर द्राक्षमळे, आणि जर्दाळूच्या बागा आहेत. गावातून अर्ध्या तासाची चढण चढून प्रवासी त्या भग्न भिंतींशी जातात.

एक अपमान, त्याचा सूड आणि वीस लाख तोळे चांदी, एवढ्या उलाढालीत या गावाच्या हाती तेव्हा काय लागले? इतिहासात त्याची नोंद ठळक नाही. चांदी दुसऱ्या नगरांच्या तटांत गेली. ज्याने ती मिळविली त्यास ती वर्षभरही भोगता आली नाही, आणि ज्या प्रजेने ती भरली तिला राजाच्या प्रवासाची किंमत घरातील चौथ्या हिश्श्याने मोजावी लागली. ड्युर्नश्टाइनकडे उरली ती केवळ कथा. आणि आज ती ऐकण्यासाठी जगभरातून येणारा प्रवासी येथे बंदी नव्हे, पाहुणा असतो.