हलतंय ते आधी, अलाइनमेंट शेवटी

ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ताशी साठच्या वेगात, डावं चाक एका लहानशा खड्ड्यात गेलं आणि स्टेअरिंग हातात थडाथडा उडायला लागलं. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडत होती, बॉनेट हलताना दिसत होतं. हळूहळू वेग तिशीपर्यंत उतरवला तेव्हा कुठे ते थांबलं. गाडी मला नवी होती, पण 1998 सालची; माझ्याआधी दोन मालकांनी वापरलेली मारुती जिप्सी किंग. दुसऱ्याच दिवशी ती अलाइनमेंटच्या दुकानात नेली. यंत्रावर चढवली, टाय रॉड फिरवला गेला, छापील कागद मिळाला. त्यावर टो-इनचा आकडा हिरव्या रंगात होता. परतताना, त्याच वेगाला, गाडीने पुन्हा तसंच केलं.

त्या कागदात खोटं काही नव्हतं. चूक माझीच होती. अलाइनमेंट म्हणजे बिघाडावरचा इलाज, असं मी धरून चाललो होतो. जिप्सीसारख्या गाडीत ते खरं नाही आणि ते का खरं नाही हे समजायला तिचा पुढचा ॲक्सल नीट ओळखावा लागतो.

मारुतीने जिप्सी 1985च्या शेवटी आणली. मूळ घडण सुझुकीच्या एसजे मालिकेची. सुरुवातीला इंजिन 970 सीसीचं होतं, 1996मध्ये 1298 सीसीची किंग आली. सैन्य, पोलीस, जंगल सफारी, घाटातले हौशी, सगळ्यांनी ती वापरली. इंजिन बदलत गेलं, पण पुढच्या ॲक्सलची मूळ रचना कायम राहिली. डावीकडून उजवीकडे जाणारी एक अखंड पोलादी नळी, तिच्या दोन्ही टोकांना पोकळ गोळे, त्या गोळ्यांना वर-खाली किंगपिनने धरलेले नकल, नकलवर चाक. हे सगळं ओझं दोन बाजूंच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर. दोन्ही नकल एका टाय रॉडने जोडलेले, आणि स्टेअरिंग बॉक्सकडून येणारा ड्रॅग लिंक त्यांना वळवतो.

आजच्या बहुतेक मोटारींत पुढची चाकं आपापल्या हातांवर स्वतंत्र लटकलेली असतात. इथे दोघांचा कणा एकच. डाव्या चाकाला बसलेला दणका नळीतून आणि टाय रॉडमधून उजव्या चाकापर्यंत पोचतो. सांधे घट्ट असतील तर तो तिथल्या तिथे विरतो. सांध्यांत ढिलाई असेल तर उजवं चाक तोच दणका परत धाडतं, आणि एका ठराविक वेगाला ही देवाणघेवाण स्वतःच वाढत जाते. माझ्या हातात उडणारं स्टेअरिंग ते हेच.

आणि खरी गोम अशी की अलाइनमेंटचे जे तीन कोन आपण तोंडाने घेतो, कॅम्बर, कॅस्टर आणि टो, त्यांतला फक्त टो, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळली आहे ते, इथे पान्याने बदलता येतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, नळीच्या घडणीतच आहे. तो बिघडलेला दिसला तर नळी वाकली आहे, नाहीतर बेअरिंग खचलं आहे. कॅस्टर म्हणजे किंगपिनच्या रेषेचा मागे असलेला कल. सायकलचा चिमटा मागे कललेला असतो, हात सोडूनही सायकल सरळ जाते त्याचं हे एक कारण. जिप्सीत हा कल साडेतीन अंशांच्या आसपास असतो, आणि तो ठरतो पाट्यांवर ॲक्सल कसा बसलाय यावरून. यंत्र हे दोन्ही कोन मोजून देईल, पण ते सरळ करायला तिथे फिरवण्याजोगं काहीच नसतं. म्हणून या गाडीत आकडा चुकला की विचारायचा प्रश्न एकच: काय झिजलं, काय वाकलं, काय सरकलं?

मला हा प्रश्न विचारायला शिकवला चंद्रपुरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी छापील कागद पुढे केला, तो त्यांनी घडी करून माझ्याच खिशात ठेवला. "सेटिंग नंतर पाहू जी. अगोदर काय हलते ते पाहू."

त्यांनी सुरुवात केली ती पुढच्या नव्या टायरांपासून नाही, मागे टांगलेल्या स्टेपनीपासून. जुनी गाडी विकताना पुढे नवे टायर चढवतात आणि जुन्यांतला बरा टायर स्टेपनीला जातो, मग गाडीचा इतिहास तिथेच वाचायला मिळतो. चाचांनी माझा तळवा धरून टायरवरून आडवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं खरखरीत. हे दात टो चुकल्याची खूण. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, एकच कड झिजली असेल तर कॅम्बरचा संशय, आणि जागोजागी खोलगट वाट्या पडल्या असतील तर ढिलं बेअरिंग, मेलेला शॉकअप किंवा बॅलन्सिंगची चूक. गाडी एका बाजूला खेचत असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे, जी करायचा कंटाळा केला जातो: हवा सारखी करून पुढची दोन चाकं डावी-उजवीकडे अदलाबदल करायची. खेच दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, ॲक्सलचा नाही.

मग जॅक. ॲक्सलखाली घोडी लावून चाक जमिनीपासून उचललं आणि चाचांनी ते घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवलं. टक्‌ टक्‌. मी लगेच म्हटलं, बेअरिंग गेलं. "कोणतं?" त्यांनी विचारलं आणि मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ही युक्ती मला अजूनही फार सुंदर वाटते. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल एकजीव होतात, त्यामुळे चाकाच्या बेअरिंगची ढिलाई दिसेनाशी होते. तरीही चाक हलत राहिलं तर ढिलाई नकलच्या मागे, म्हणजे किंगपिनच्या बेअरिंगांत आहे. माझं चाक हलत राहिलं.

त्यानंतर गाडी जमिनीवर ठेवून, इंजिन बंद करून, मी स्टेअरिंग एकेक इंच डावी-उजवीकडे फिरवत राहिलो आणि चाचा खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत गेले. ड्रॅग लिंकचे एंड, टाय रॉडचे एंड, बॉक्स. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते. बॉक्स चेसिसला जिथे बोल्टने धरला आहे तिथे तडा गेलाय का, हेही त्यांनी चिंधीने पुसून पाहिलं, कारण खडकाळ वाटेवर फिरलेल्या गाडीत तो जाऊ शकतो. बॉक्सच्या वरचा स्क्रू आवळून ढिलाई काढायचा मोह अनेकांना होतो. तो जास्त आवळला की स्टेअरिंग वळणावरून आपणहून परत येत नाही, आणि बॉक्स आतून लवकर संपतो.

स्टेअरिंग डँपर माझ्या गाडीत कोरा होता. चाचांनी तो एका बाजूने सोडवला आणि म्हणाले, आधीच्या मालकाला हे दुखणं ठाऊक होतं. डँपर थरथर दाबतो, काढत नाही. वापरलेली गाडी बघायला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: सगळं जुनं आणि डँपर तेवढा नवा असेल तर तो सोडवून गाडी चालवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

पाटे तपासणं राहिलं होतं. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल, म्हणजे पाट्याला चेसिसशी जोडणारी झुलती कडी, पुढच्या टोकाला असतो. गाडी उंच दिसावी म्हणून इथे लांब शॅकल लावायची हौस बरीच आहे. त्याने पाट्याचं पुढचं टोक खाली झुकतं, ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते. उपाय पाट्या आणि ॲक्सलमध्ये बसवायच्या उतरत्या पाचरी, किंवा मूळ शॅकल परत लावणं. मला विचाराल तर दुसरा. माझे शॅकल मूळचे होते, पण उजव्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला होता आणि ॲक्सल त्या बाजूने मागे सरकला होता. चाचांनी ओळंब्याने चारही चाकांच्या मध्यांच्या खुणा फरशीवर खडूने उतरवल्या. डावीकडचं अंतर 2375 मिलिमीटर, व्हीलबेस जितका असायला हवा तितकाच. उजवीकडे सोळा मिलिमीटर कमी. गाडी उजवीकडेही ओढत होती; ती का, हे त्या खडूच्या खुणांनी सांगितलं.

नकल उघडला तेव्हा गोळ्यातलं ग्रीस तांबूस चिखलासारखं निघालं. मागचं रबरी सील फाटलं होतं, नाल्यांचं पाणी आत गेलं होतं, आणि खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरांच्या रेघा उमटल्या होत्या. नवी बेअरिंगं बसवताना खरी कसोटी शिमांची, म्हणजे पातळ चकत्यांची. त्या काढत-घालत किंगपिन इतका आवळायचा की नकल हाताने वळावा पण सैल झुलू नये. "हाताने वळावा" ही भाषा चाचांना पुरेशी नव्हती. भंगारवाला वापरतो तसा हुकाचा काटा त्यांनी नकलच्या आर्मला, टाय रॉडच्या भोकात अडकवला आणि ओढला. तेलसील न बसवता एक ते 1.8 किलोच्या दरम्यान नकल हलायला लागला पाहिजे. पहिल्यांदा काटा तीनवर गेला. एक शिम वाढवली. मग सव्वादोन. आणखी एक, सगळ्यांत पातळ. दीड. तेव्हा त्यांनी काटा खाली ठेवला आणि चहा मागवला.

अलाइनमेंट चहानंतर झालं, दुकानाच्या ओट्यापुढे, यंत्राशिवाय. चाकं फिरवत टायरवर खिळ्याने बारीक रेघ ओढली, गाडी थोडी पुढे ढकलून मोकळी केली, आणि ॲक्सलच्या उंचीला पुढचं आणि मागचं अंतर टेपने मोजलं. पुढचं अंतर चार मिलिमीटरने कमी यायला हवं. दोन ते सहामध्ये चालतं. टाय रॉडच्या दोन टोकांचे आटे उलटसुलट असतात, म्हणून नुसता रॉड फिरवला की दोन्ही चाकं एकदम सरकतात. शेवटी ड्रॅग लिंकची लांबी जुळवून स्टेअरिंगच्या आऱ्या सरळ केल्या. सगळं मिळून वीस मिनिटं. आधीच्या तपासाला आणि दुरुस्तीला दोन दिवस लागले होते.

संध्याकाळी आम्ही दोघं मोहर्लीच्या रस्त्याला गेलो. चाचांनी डँपर मुद्दाम सुटाच ठेवला होता. तो खड्डा मला पाठ होता. ताशी साठवर डावं चाक त्यात घातलं. एक दणका बसला आणि स्टेअरिंग तिथेच राहिलं. चाचा काही बोलले नाहीत, पुढचा खड्डा कुठे आहे ते बघत होते.