चाकांवरचे घर
अमेरिकेत काही कुटुंबे चूल, बिछाना व न्हाणीघर असलेल्या मोटारगाडीतच बारमाही राहतात. आज डोंगरपायथ्याशी, तर उद्या सागरतीरी! परंतु वाहनाचा परवाना, मतदान, टपाल यांसाठी कायमचा पत्ता हा लागतोच. स्वतः असेच फिरते जीवन जगणाऱ्या जो व के पीटरसन या दांपत्याने १९७८ साली 'एस्केपीज' हा संघ स्थापिला. टेक्सास राज्यातील लिव्हिंग्स्टन हे त्याचे ठाणे. सभासदांची पत्रे तेथे गोळा होतात आणि गाडी असेल त्या गावी धाडली जातात. पण वार्धक्याने चाक हाती धरवेनासे झाले, म्हणजे? अशांसाठी संघाने तेथेच आश्रयस्थान उभारले. पत्त्याहूनही ही सोय आम्हांस मोलाची वाटते. वृद्ध आपापल्या गाडीतच राहतात. जेवण व शुश्रूषा मात्र शेजारच्या इमारतीत मिळते.