रसाच्या वाटेने विषाणू

वैनगंगेच्या खोऱ्यातला बालाघाट हा धानाचा जिल्हा. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रोवणीनंतर बांधीतले रोप खुजे राहिले आणि पाने पिवळी-नारिंगी पडू लागली, तर शेतकऱ्याला आधी नत्राची उणीव आठवते. पण असेच रूप टुंग्रो या विषाणूरोगाचेही असते. त्या रोपाच्या आत काय चालते, हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला.

१८९८ मध्ये बायजेरिंक यांनी तंबाखूवरच्या रोगाचे कारण जिवाणूहून वेगळे असल्याचे सांगितले. मात्र ते झाडभर पसरते कसे, याचे पहिले स्पष्ट चित्र १९३४ मध्ये जेफ्री सॅम्युअल यांनी दिले. टोमॅटोच्या एकाच पर्णिकेला त्यांनी विषाणू लावला. पहिले काही दिवस तो तिथेच राहिला. मग तो झपाट्याने मुळांत उतरला, पाठोपाठ शेंड्याच्या कोवळ्या पानांत चढला. मधली जून पाने शेवटी सापडली. हा क्रम अन्नरसाचाच होता. पानात तयार झालेली साखर रसवाहिनीतून वाढत्या भागांकडे जाते, आणि विषाणूही तिच्याच प्रवाहात जातो.

पण त्या प्रवाहापर्यंत तो पोहोचतो कसा? पेशींना जोडणाऱ्या नळ्या त्याच्यासाठी फारच अरुंद असतात. १९८७ मध्ये कळले की तंबाखूचा विषाणू त्यासाठी स्वतःचे खास प्रथिन बनवतो. दोन वर्षांनी दिसले की हे प्रथिन त्या नळ्यांची वाट रुंद करते.

आता धानाच्या टुंग्रोकडे वळू. भारतात १९६४-६५ च्या सुमारास तायचुंग नेटिव्ह-१ हे धानाचे बुटके वाण आले. उत्पादन भरघोस, पण टुंग्रोपुढे ते अगदी दुबळे. १९६७ मध्ये एस. पी. रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी देशात या रोगाची नोंद केली, आणि १९६९ मध्ये उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमध्ये त्याची मोठी साथ आली. पुढे उलगडले की यामागे दोन विषाणू आहेत. एक मुख्यतः लक्षणे आणतो, पण दुसऱ्याच्या मदतीशिवाय हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरू शकत नाही. दोघांचाही मुक्काम मुख्यतः रसवाहिनीत, आणि तुडतुडा सोंड खुपसतो तीही तिथेच.

म्हणूनच या रोगावर फवारून बरे करणारे औषध नाही. रसवाहिनीत शिरलेला विषाणू परत काढता येत नाही, आणि रोप जितके कोवळे, तितके नुकसान जास्त. एवढ्या वर्षांच्या संशोधनाने शेतकऱ्याच्या हाती दिलेले शहाणपण हेच: लढाई पऱ्ह्यांपासूनच सुरू करायची. प्रतिकारक वाण निवडायचे, तुडतुड्यांवर लक्ष ठेवायचे, आधीच्या हंगामातली धसकटे आणि आपोआप उगवलेली धानाची रोपे काढून टाकायची. पान पिवळे दिसेपर्यंत विषाणूचा प्रवास बहुधा पूर्ण झालेला असतो.